सायकल आणि वर्कशॉपसाठी ॲलन की निवडताना

ॲलन की, म्हणजे षट्कोनी सळईची काटकोनात वाकवलेली चावी, हलक्या प्रतीची असली, की पहिले मोठे नुकसान बोल्टचे होते. चावीचे कोपरे झिजतात, झिजलेल्या कोपऱ्यांनी बोल्टच्या डोक्यातली षट्कोनी खाच गोल होते, आणि मग तो बोल्ट काढण्यासाठी ड्रिल किंवा वेल्डिंगची वेळ येते. सायकलच्या सीटपोस्टचा बोल्ट असा गोल झाला तर सीट वरखाली करणे थांबते. वाळूजमधल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये फिक्स्चरचा, म्हणजे मशीनवर काम पक्के धरणाऱ्या साच्याचा, बोल्ट गोल झाला तर मशीन उभी राहते आणि पुढचे सगळे काम खोळंबते. चावीत वाचवलेले पैसे अशा एका बोल्टमागे सहज जातात. म्हणून माझे मत असे आहे की तीस नगांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा आपल्याला रोज लागणाऱ्या चार-पाच मापांच्या उत्तम चाव्या घ्याव्यात आणि क्वचित लागणारी मापे साध्या संचावर भागवावीत.

मराठवाड्यात या चावीची गरज दोन ठिकाणी प्रामुख्याने पडते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतील आणि जालना, लातूर, नांदेडच्या एमआयडीसीतील लहान वर्कशॉपमध्ये जिग, फिक्स्चर, डाय, चक असे जे काही आहे ते बहुतेक ॲलन बोल्टवरच उभे असते. दुसरीकडे दौलताबाद, खुलताबाद, वेरूळकडे सकाळी निघणाऱ्या सायकलस्वारांच्या गिअरच्या सायकलींवर नट फारसे दिसतच नाहीत, जिकडे पाहावे तिकडे षट्कोनी खाचेचे बोल्ट असतात. साध्या काळ्या सायकलीला नट आणि पाने पुरत असत, त्यामुळे गावोगावच्या सायकल दुकानांत पान्यांचा ढीग सापडतो. चांगली ५ मिमीची ॲलन की मात्र मिळेलच असे नाही. ज्याची गिअरची सायकल आहे, त्याने आपली चावी आपल्याजवळ ठेवणे बरे.

पहिली पायरी: आपल्या बोल्टना कोणती मापे लागतात ते पाहणे

दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन घेऊन आपली सायकल किंवा मशीन तपासावी. बोल्टचे माप आणि चावीचे माप एक नसते, हे नवख्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. एम ६ म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास ६ मिमी. त्याच्या डोक्यात बसणारी चावी मात्र ५ मिमीची असते. नेहमीच्या उभ्या, गोल डोक्याच्या ॲलन बोल्टचा हिशेब असा आहे: एम ४ ला ३ ची चावी, एम ५ ला ४ ची, एम ६ ला ५ ची, एम ८ ला ६ ची, एम १० ला ८ ची, एम १२ ला १० ची आणि एम १६ ला १४ ची.

डोक्याचा आकार बदलला की हा हिशेबही बदलतो. बटण हेड, म्हणजे घुमटासारखे बसके डोके असलेला बोल्ट, आणि काउंटरसंक, म्हणजे पृष्ठभागात सपाट बुडणाऱ्या डोक्याचा बोल्ट, यांना एक पायरी लहान चावी लागते: एम ५ ला ३, एम ६ ला ४, एम ८ ला ५. ग्रब स्क्रूला तर डोकेच नसते, त्यामुळे त्याची खाच आणखी लहान असते: एम ४ ला २, एम ५ ला २.५, एम ६ ला ३, एम ८ ला ४. चाव्या सर्वांत जास्त मोडतात आणि खाचा सर्वांत जास्त गोल होतात त्या याच ग्रब स्क्रू आणि बटण हेडवर, कारण लहान खाचेवर मोठ्या बोल्टचा ताण येतो. वर्कशॉपमध्ये पुली, कपलिंग आणि गिअर शाफ्टवर धरून ठेवण्याचे काम ग्रब स्क्रूचेच असते, तेव्हा २.५, ३ आणि ४ या मापांत काटकसर करू नये. षट्कोनी खाचेचा स्क्रू मुळात याच कामासाठी पुढे आला. पूर्वी फिरत्या शाफ्टवरच्या स्क्रूचे बाहेर आलेले डोके कामगारांच्या कपड्यांत अडकून अपघात होत. खाच आत गेल्यामुळे स्क्रू पृष्ठभागाखाली बसू लागला. अशा स्क्रूच्या निर्मितीचे पेटंट अमेरिकेतील हार्टफर्डच्या विल्यम ॲलन यांना १९१० मध्ये मिळाले, आणि चावीला त्यांचेच नाव चिकटले.

सायकलीवर ४, ५ आणि ६ या तीन मापांनी बहुतेक काम होते. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट ४ किंवा ५ चे, सीटपोस्टचा क्लँप बहुधा ५ चा, सीटच्या खालचा बोल्ट ५ किंवा ६ चा, ब्रेक कॅलिपर आणि ब्रेकची केबल आवळणारा बोल्ट ५ चा, मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा, फ्रेमला धरणारा बोल्ट ५ चा, बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट ४ चे आणि ते बटण हेड असले तर ३ चे. क्रँकचा, म्हणजे पेडलच्या दांड्याचा, मुख्य बोल्ट बहुधा ८ चा असतो. पेडल आतल्या बाजूने काढायचे तर ६ किंवा ८ ची चावी लागते. डावे पेडल उलट्या आट्यांचे असते, हे विसरून जोर लावला तर उत्तम चावीही काही करू शकत नाही. डिरेलरच्या हद्दी ठरवणारे बारीक स्क्रू काही सायकलींवर २ मिमीचे असतात, काहींवर चौफुली स्क्रूड्रायव्हरचे. डिस्क ब्रेकच्या चकतीच्या बोल्टांना मात्र सहसा सहा पाकळ्यांच्या चांदणीसारखी खाच असते. ती टॉर्क्स टी २५ ची असते, तिच्यात ॲलन की खुपसू नये. एक टी २५ वेगळी घ्यावी.

दुसरी पायरी: मिमी आणि इंच वेगळे ठेवणे

वर्कशॉपमध्ये अजूनही सुतात बोलणारे फिटर आहेत आणि जुन्या किंवा परदेशी बनावटीच्या काही मशीनवर इंची बोल्टही आहेत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. दीड सूत, म्हणजे ३/१६ इंच, ही ४.७६ मिमी भरते. ती ५ च्या खाचेत जाते, थोडी हलते आणि जोर लावताच सटकते. सव्वा सूत म्हणजे ५/३२ इंच, ३.९७ मिमी, ही ४ च्या जागी जवळजवळ चालते, आणि अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी, ही ८ च्या जागी. ‘जवळजवळ चालते’ म्हणूनच या दोन अधिक धोक्याच्या आहेत, कारण त्या चुकून मिमीच्या संचात मिसळल्या तर लवकर लक्षात येत नाहीत आणि प्रत्येक वापरात खाचेचे कोपरे थोडे थोडे खात राहतात. आजच्या सायकलीसाठी इंची चाव्यांची गरज पडत नाही. मिमी आणि इंच एकत्र असलेला तीस नगांचा संच सायकलवाल्याने घेतला तर त्यातला निम्मा पेटीतच गंजतो. वर्कशॉपला दोन्ही लागत असतील तर दोन वेगळे संच, दोन वेगळ्या रंगांच्या होल्डरमध्ये, वेगळ्या खणांत ठेवावेत.

तिसरी पायरी: बसणी तपासणे

चांगल्या आणि वाईट चावीतला मुख्य फरक बसणीत असतो, आणि तो डोळ्यांपेक्षा व्हर्निअरने, म्हणजे बारीक माप घेण्याच्या सरकत्या पट्टीने, लवकर कळतो. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २९३६ प्रमाणे ५ मिमीची चावी ५.०० पेक्षा जाड असता कामा नये आणि साधारण ४.९५ पेक्षा बारीकही असता कामा नये. ॲलन बोल्टच्या आयएसओ ४७६२ या मानकानुसार ५ च्या खाचेची समोरासमोरची रुंदी ५.०२ ते ५.१४ मिमीच्या दरम्यान असते. म्हणजे चावी आणि खाच दोन्ही मानकात असतील तर मधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. चावी ४.९८ आणि खाच ५.०३ असेल तर चावी जेमतेम हलते. चावी ४.८८ निघाली तर फट एकदम तिपटीने वाढते, चावी खाचेत थोडी फिरूनच टेकते, आणि सगळा भार सहा सपाट बाजूंवर पसरण्याऐवजी सहा कोपऱ्यांच्या बारीक रेषांवर येतो. त्या रेषा दबल्या की खाच गोल व्हायला सुरुवात झाली.

मापण्याची पद्धत सोपी आहे. साध्या व्हर्निअरने ०.०२ मिमीपर्यंत वाचता येते, तेवढे पुरते. चावीच्या टोकापासून चार-पाच मिमी आत, समोरासमोरच्या सपाट बाजूंच्या तिन्ही जोड्या एकेक करून मोजाव्यात. तीन वाचने सारखी यायला हवीत, एक ४.९८, दुसरे ४.९८ आणि तिसरे ४.९० आले तर षट्कोन तिरपा आहे, ती चावी परत द्यावी. नंतर टोकाशीच माप घ्यावे. टोकाला थोडा उतार असतो, तो चालतो, पण तो उतार एक मिमीपेक्षा जास्त लांब गेला तर खाचेच्या तळाशी चावीची पकड राहत नाही. उथळ खाचेच्या बटण हेडवर हा दोष लगेच भोवतो.

चावीवर जाड क्रोमचा थर असला तर माप बरोबर येऊनही कोपरे बोथट होतात. कोपऱ्यावरून अंगठ्याचे नख आडवे फिरवावे. चांगल्या चावीवर नख अडते, बोथट चावीवर ते घसरून जाते. चकाकीला भुलू नये. काळा ऑक्साइड किंवा मंद, खरखरीत फिनिश असलेली चावी दिसायला साधी असली तरी तिचे कोपरे अनेकदा अधिक नेटके असतात.

चौथी पायरी: पोलाद आणि त्याचे पाणी

कोणतेही लोखंड षट्कोनी करून काटकोनात वाकवले की ॲलन की होत नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघणारी बांधकामाची सळई जोर आला की वाकावी, तुटू नये, अशा बेताने बनवलेली असते; चावीने मात्र पीळ खाऊन हात सोडताच जसेच्या तसे परत यायला हवे. त्यासाठी मिश्रधातूचे पोलाद लागते आणि त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे त्याला नीट पाणी दिलेले, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया नीट झालेली, असावी लागते. बाजारात बहुतेक चाव्यांवर क्रोम व्हॅनेडियमचा शिक्का असतो. चांगल्या प्रतीच्या काही चाव्या आणि बिट एस २ या टूल स्टीलच्या असतात. एस २ सहसा अधिक कठीण करता येते आणि लहान मापांत ते जास्त टिकते.

तरीही नुसत्या शिक्क्यावर विसंबू नये, कारण शिक्का धातूचे नाव सांगतो, पाणी कसे दिले ते सांगत नाही. काळ्या १२.९ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, ॲलन बोल्टची कठीणता ३९ ते ४४ एचआरसी (रॉकवेल कठीणतेचे एकक) असते. चावी त्याच्याहून बरीच कठीण, म्हणजे ५० एचआरसीच्या वर हवी, नाहीतर झिजण्याची पाळी चावीवर येते. फार कठीण केली तर दुसरा धोका असतो. २ किंवा २.५ ची ठिसूळ चावी पिळवटण्याऐवजी ताडकन तुटते आणि तिचा तुकडा खाचेत अडकून बसतो.

कठीणतेची साधी तपासणी कानशीने होते. चांगल्या, बारीक दातांच्या कानशीचा कोपरा चावीच्या लांब भुजेवर मधोमध हलकेच घासावा. कानस घसरून गेली आणि जेमतेम पुसट ओरखडा राहिला तर चावी कठीण आहे. कानशीने धातू धरून भुगा काढला तर ती मऊ आहे. क्रोमचा थर असलेल्या चावीवर हा निकाल फसवा असतो, कारण थर कठीण आणि आतला धातू मऊ असे असू शकते. दुकानात कानस लावू देतीलच असे नाही, म्हणून एक सुटी चावी घेऊन घरी तपासावी आणि मग संच घ्यायचा की नाही ते ठरवावे.

स्टेनलेस बोल्टबद्दल येथेच सांगायला हवे. सायकलीवर पावसासाठी स्टेनलेस बोल्ट घालण्याची पद्धत वाढली आहे. नेहमी मिळणारा ए २-७० स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कल ताण सोसतो, तर १२.९ चा काळा बोल्ट १२००. म्हणजे स्टेनलेस बोल्टची खाच मऊ असते आणि सैल चावीने ती फार लवकर गोल होते. स्टेनलेस बोल्ट वापरणाऱ्याने बसणीबाबत जास्तच काटेकोर राहावे आणि आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावल्याशिवाय बोल्ट आत घालू नये.

पाचवी पायरी: टोक, भुजा आणि मूठ

बॉल पॉइंटची चावी, म्हणजे लांब भुजेच्या टोकाला गोलसर बोंड असलेली, साधारण २५ अंशांपर्यंत तिरपी धरूनही बोल्ट फिरवते. बाटलीच्या पिंजऱ्यामागचा किंवा मशीनच्या गार्डआडचा बोल्ट भराभर फिरवायला ती फार सोयीची आहे. पण बोंडाच्या मागे चावीची मान बारीक असते आणि बोंड खाचेला थोड्याच ठिकाणी टेकते. म्हणून बोल्ट हलवताना सुरुवातीचा झटका आणि आवळतानाचा शेवटचा जोर नेहमी आखूड भुजेच्या सपाट टोकाने द्यावा, मधले फिरवणे बोंडाने करावे. घट्ट बोल्टवर बोंडाने जोर लावला तर मान तुटते आणि बोंड बोल्टमध्येच राहते. त्यामुळे १.५ आणि २ या मापांत बॉल पॉइंट नसलेलाच बरा.

आखूड भुजा खाचेत घालून लांब भुजा हातात धरली की तरफ मिळते. चावीची पीळ सोसण्याची ताकद तिच्या मापाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे ६ मिमीची चावी ३ मिमीच्या चावीच्या आठपट पीळ घेऊ शकते. याच कारणाने मानकातल्या लहान चाव्यांच्या भुजा आखूड ठेवलेल्या असतात. ३ च्या चावीवर पाइप चढवून जोर लावणारे लोक नेमकी ही मर्यादा ओलांडतात. ८ आणि १० च्या चावीला पाइप कधीतरी चालतो, ५ च्या खाली अजिबात चालत नाही. सायकलीच्या ५ न्यूटन-मीटरच्या बोल्टवर दहा सेंटीमीटरच्या टोकाला पाच किलोच्या वजनाइतका जोर पुरेसा असतो, त्यामुळे हलक्या सायकलीवर, विशेषतः कार्बनच्या भागांवर, फार लांब भुजेची चावी लाभापेक्षा तोट्याचीच ठरते. स्टेमवर ‘५ एनएम’ असा आकडा छापलेला असेल तर शेवटचा जोर टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने, द्यावा.

मूठ कशी घ्यावी हे कामावर ठरते. एकाच उंचीवर शंभर बोल्ट लावणाऱ्या वर्कशॉपला टी आकाराची मूठ उपयोगी पडते, पण तिची सळई लांब आणि बारीक असेल तर ती पिळवटते आणि हाताला बोल्ट आवळल्याचा खोटा अंदाज येतो. सुऱ्यासारखा मिटणारा संच प्रवासात ठीक, घरी मात्र तो फ्रेमला अडतो आणि खोल बोल्टपर्यंत पोहोचत नाही. सायकलीच्या पिशवीत एक मिटणारे मल्टिटूल आणि घरी एल आकाराच्या सुट्या चाव्या, ही विभागणी मला सर्वांत योग्य वाटते. कडक उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहणारे स्वस्त प्लास्टिक होल्डर कालांतराने तडकतात आणि चाव्या गळायला लागतात. रबरी पकड असलेला किंवा पत्र्याचा होल्डर जास्त टिकतो.

सहावी पायरी: दुकानात उभे राहून घ्यायची परीक्षा

खिशात दोन नवे, १२.९ ग्रेडचे बोल्ट घेऊन जावेत, एक एम ५ आणि एक एम ६. अनब्राको किंवा टीव्हीएससारख्या नामांकित मार्कचे घ्यावेत, म्हणजे खाच मानकात असल्याची खात्री राहते, डोक्यावर १२.९ चा आकडा आणि कंपनीचा मार्क ठसठशीत असतो. ‘शेठ, ४ आणि ५ ची सुटी दाखवा, बोल्टात बसवून बघतो,’ असे सांगितले तर एमआयडीसीच्या जवळचे दुकानदार सहसा हरकत घेत नाहीत, कारण त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक हेच करते.

चावी बोल्टमध्ये घालताना ठोकावी लागू नये आणि सैल पडूही नये. बोटाने हलके दाबताच ती तळापर्यंत जावी. मग बोल्ट खाली धरून चावी उजवी-डावीकडे फिरवून पाहावी. दोन अंशांची हालचाल चालते, चावीचे टोक डोळ्यांना दिसेल इतके डोलत असेल तर ती ठेवून द्यावी. वाकवलेला कोपरा पाहावा: तिथे तडा, सुरकुती किंवा चपटेपणा नसावा. टोकाचा काप काटकोनात असावा. काही स्वस्त चाव्या कात्रीने कापलेल्या असतात आणि त्यांचे टोक एका बाजूला दबलेले असते, ते लगेच कळते. मापाचा आकडा चावीवर खोदलेला असावा, नुसता छापलेला असेल तर तेलाच्या हाताने महिन्यात पुसला जाईल आणि ४ व ४.५ मधला फरक अंदाजाने ओळखावा लागेल. एका संचातली एकच चावी तपासून समाधान मानू नये. २.५ आणि ५ या दोन तरी पाहाव्यात, कारण लहान माप बनवताना चूक होण्याची शक्यता अधिक असते.

ब्रँडबद्दल लोक फार विचारतात, म्हणून थोडक्यात. नाशिकला कारखाना असलेल्या टपारियाचा काळ्या फिनिशचा नऊ नगांचा संच आपल्याकडच्या हार्डवेअर दुकानांत सहज मिळतो आणि वर्कशॉपच्या रोजच्या मारासाठी तो पैशाला पुरेपूर मोल देतो. जास्त पैसे घालायची तयारी असेल तर अमेरिकेतील बाँडस, जर्मनीच्या वेरा आणि विहा, स्वित्झर्लंडची पीबी स्विस यांच्या चाव्या पिढीभर टिकतात. वेराच्या हेक्स-प्लस चावीचा काटछेद वेगळा आहे: तिच्या बाजू किंचित खोलगट असल्याने भार कोपऱ्यावर न येता कोपऱ्याजवळच्या सपाट भागावर येतो, आणि थोडी झिजलेली खाचही ती धरते. सायकलीसाठी पार्क टूलचे नाव आहे, पण तेच काम वरच्यापैकी कोणतीही चावी करते. महागडा पूर्ण संच घेण्याऐवजी त्या दर्जाच्या ४, ५ आणि ६ अशा तीन सुट्या आणि बाकीच्यासाठी टपारियाचा संच, हा मेळ बहुतेकांना पुरेल. वर्कशॉपवाल्याने त्यात ३ आणि ८ यांची भर घालावी. ऑनलाइन घेताना अतिस्वस्त, नाव नसलेले संच टाळावेत, कारण तिथे बोल्ट घालून पाहण्याची सोय नसते.

चावी लावताना

सर्वोत्तम चावीही अर्धवट बसली तर खाच गोल करते, आणि आपल्याकडे ती अर्धवट बसण्याचे मुख्य कारण काळी माती आहे. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून सायकल आणली की खालच्या बोल्टच्या खाचांत चिखल जातो, दोन दिवसांत वाळतो आणि विटेसारखा टणक होतो. चावी वरवर दोन मिमी जाते आणि माणसाला वाटते की ती बसली. चावी लावण्याआधी गोधडी शिवायच्या जाड सुईने किंवा अणकुचीदार तारेने खाचेचा तळ आणि सहाही कोपरे खरवडून काढावेत, फुंकर मारावी किंवा कॉम्प्रेसरची हवा द्यावी, मग चावी घालून तिच्या कोपऱ्यावर हातोडीने हलके दोन ठोके द्यावेत. आवाज भरीव आला की चावी तळाला टेकली. वर्कशॉपमध्ये मातीऐवजी चिप्स आणि वाळलेले कूलंट असते, उपाय तोच.

बोल्ट जाम असेल तर चावी सरळ धरून, झटके न देता, दाब हळूहळू वाढवावा. गंज उतरवणारे तेल आट्यांवर टाकून थोडा वेळ थांबावे. लॉकटाइट (आटे पक्के करणारा गोंद) लावलेला असेल तर बोल्ट गरम करावा, पण कार्बन किंवा रंगवलेल्या फ्रेमजवळ आच नेऊ नये. खाच किंचित गोल झालीच असेल तर पुढच्या मापाची टॉर्क्स बिट ठोकून बसवणे हा फिटर लोकांचा जुना आणि उपयोगी उपाय आहे. तो एकदाच करायचा असतो. बोल्ट निघाला की तो टाकून नवा घालावा.

राखणे आणि पुन्हा घासणे

काळ्या फिनिशच्या चाव्यांना घामाच्या हाताने आणि पावसाळ्यात लवकर गंज धरतो. काम झाल्यावर मशीन ऑइलच्या फडक्याने पुसून ठेवल्या तर वर्षानुवर्षे चांगल्या राहतात. गंजाचे फोड आलेली चावी कोपऱ्यांवर माप हरवते, तिला पॉलिश पेपरने चकाकवून उपयोग नाही.

चांगल्या चावीची झीज टोकाच्या पहिल्या दोन-तीन मिमीतच होते, आणि हा भाग काढून टाकला की आतले नवे कोपरे पुन्हा कामाला येतात. बेंच ग्राइंडरवर चावी चाकाला सरळ, काटकोनात धरावी, एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये आणि प्रत्येक स्पर्शानंतर पाण्यात बुडवावी. टोक पिवळसर किंवा निळे पडले तर त्या भागाचे पाणी उतरले, तो मऊ झाला; तो निळा भाग पूर्ण घासून काढेपर्यंत थांबू नये. शेवटी कडांचा भुगा तेलदगडावर उतरवून कोपऱ्यांना अगदी बारीक उतार द्यावा आणि व्हर्निअरने तिन्ही जोड्या पुन्हा मोजाव्यात. बॉल पॉइंटचे बोंड असे घासता येत नाही, आखूड भुजा मात्र येते. २ मिमीच्या खालच्या चाव्या घासत बसू नये, त्या नव्याच घ्याव्यात. ४, ५ आणि ६ च्या चाव्या घासून आखूड भुजा फार लहान झाल्या तरी त्या पेटीत ठेवाव्यात. डिरेलरमागे किंवा चकच्या जबड्याआड जिथे नेहमीची चावी वळतच नाही, तिथे हीच आखूड चावी उपयोगी पडते.